व्हॉल्व्ह फुकट बसला, पण आयएनआरची टेस्ट कुठे करायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

29 सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो तेव्हा सगळ्या पेपरांत हृदयावर लेख येतात, कोलेस्टेरॉल, चालणं, बीपी, स्टेंट, बायपास, सगळं कामाचंच असतं पण ज्यांच्या हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, आहे त्यांच्याबद्दल त्यात एक ओळ पण सापडत नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या बहिणीचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) बदललाय. लहानपणी तिचा घसा दुखायचा, ताप यायचा, मग गुडघे सुजायचे, तो ऱ्हुमॅटिक ताप होता आणि त्यानेच झडप खराब केली. आपल्याकडे व्हॉल्व्हचे कितीतरी पेशंट असेच आलेले असतात, गरीब घरचे, ऐन तरुण, आणि त्यात बायका जास्त. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं, एक रुपया लागला नाही, त्याबद्दल सरकारचे आभारच. तिला बसवलाय तो चित्रा व्हॉल्व्ह, त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या टीमने बनवलेला, 1990 च्या डिसेंबरमध्ये तो पहिल्यांदा पेशंटला बसवला आणि परदेशी व्हॉल्व्हपेक्षा तो स्वस्त पडतो. रात्री सामसूम झाली की त्याची टिकटिक शेजारी झोपलेल्याला पण ऐकू येते.

पण खरी परीक्षा डिस्चार्जनंतर सुरू होते. या व्हॉल्व्हवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यायची, बहुतेकांना अ‍ॅसिट्रॉम असते नाहीतर वॉर्फरिन. डोस कमी पडला तर व्हॉल्व्ह जाम होतो किंवा गुठळी मेंदूत जाऊन लकवा मारतो, जास्त झाला तर आतल्या आत रक्तस्राव. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा म्हणजे आयएनआर, मायट्रलवाल्यांचा तो साधारण 2.5 ते 3.5 च्या मध्ये ठेवायचा असतो आणि तो कशानेही हलतो, एखादी अँटिबायोटिक घेतली, जुलाब झाले, पोटात अन्न गेलं नाही, थंडीत आठवडाभर रोज मेथी पालक खाल्ला आणि मग एकदम बंद केला. भाजी खायची, पण बेताने आणि सारखी. आणि आमच्याकडे साध्या तापालाही कमरेत इंजेक्शन देतात, अशा पेशंटला स्नायूत सुई टोचली की तिथेच रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते, अंगदुखीला डायक्लोफिनॅक दिलं तर पोटातून रक्त जायची भीती, हे आम्ही प्रत्येक दवाखान्यात आधी ओरडून सांगतो.

म्हणून ती पीटी-आयएनआरची टेस्ट लागते, डोस बसला असला तरी महिन्याला एकदा, बिघडला की आठवड्याला. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात आणि बाहेर पाठवतात, रिपोर्ट कधी येईल त्याचा नेम नाही, आणि आल्यावर गोळी किती वाढवायची ते सांगणारं तिथे कुणी नाही. मग एसटीने जिल्ह्याला जायचं, प्रायव्हेट लॅबचे पैसे, वर रोजगार बुडतो तो वेगळा, म्हणून लोकं टेस्ट टाळतात. बहिणीच्याच वॉर्डात ऑपरेशन झालेली एक मुलगी अशीच सहा-सात महिने टेस्ट न करता राहिली आणि आता तिचा उजवा हात उचलत नाही. लाखोंचं ऑपरेशन सरकार करून देतं आणि पुढे दोन-तीनशे रुपयांच्या टेस्टवर पेशंट हातचा जातो, याचा मला फार राग येतो.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन मिनिटभरात आयएनआर सांगणारी मशीन मिळते, शुगरच्या मशीनसारखीच हातात मावणारी. पट्ट्या महाग आहेत, मान्य. पण 2017 च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीला लगाम घातलाच ना, मग या पट्ट्यांकडे का बघू नये? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक मशीन ठेवा, आठवड्यातला एक वार ठरवा, आणि जिथे ऑपरेशन झालं तिथल्या डॉक्टरांनी फोनवर डोस सांगायची सोय करा. गोळीचा डोस, आयएनआर आणि तारीख लिहायला एक वही द्या, ती पेशंटने कायम जवळ ठेवायची.

अजून एक, लग्न ठरलेल्या आणि नव्या सुनांबद्दल. ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत, त्यातही सहाव्या ते बाराव्या आठवड्यात पोटातल्या बाळाला बाधू शकते, आणि घाबरून आपल्या मनाने बंद केली तर आईच्या जिवावर बेततं. त्यामुळे दिवस जायच्या आधीच हार्टच्या डॉक्टरांना भेटायला हवं. हे आशाताईंना नीट शिकवलं तर त्या घरोघरी सांगतील, त्यांचं बायका ऐकतात. आरोग्य खात्यातलं कुणी हे पत्र वाचत असेल तर निदान आपल्या तालुक्यात व्हॉल्व्ह बदललेले किती पेशंट आहेत याची यादी करायला घ्या, योजनेच्या कागदांत सगळ्यांचे पत्ते आहेत.

आपली,
एक वाचक, मराठवाडा