ठेवून घेतलेल्या रुपयाचे काय झाले?

नागपूर,
दि. ८ जून

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची त्या कंपनीची टिपणे मिळाली. दहा वर्षांत प्रतिशेअर कमाई ३० रुपयांवरून ६० रुपयांवर गेली, एकही वर्ष तोट्याचे नाही, मग अशा कंपनीचा शेअर घ्यायला हरकत काय, असे तू विचारले आहेस. हरकत आहे की नाही हे मला अजून सांगता येत नाही. कमाई किती वाढली हे तुझ्या कागदांत आहे. पण ती वाढवण्यासाठी कंपनीने भागधारकांच्या नफ्यातला किती पैसा आपल्याकडे ठेवून घेतला, याचा त्यांत कुठेही उल्लेख नाही. आणि माझ्या मते वाढीचा खरा भाव तिथेच कळतो.

आधी बँकेतल्या मुदत ठेवीकडे पाहा. एक लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले आणि व्याज न काढता दरवर्षी त्यातच जमा होऊ दिले, तर पहिल्या वर्षी ७,००० रुपये व्याज मिळते आणि अकराव्या वर्षी सुमारे १३,७७० रुपये. म्हणजे दहा वर्षांत ‘कमाई’ जवळजवळ दुप्पट झाली आणि दरवर्षी मागच्या वर्षाचा विक्रम मोडला. यात कोणाचेही कर्तृत्व नाही. व्याज हातात घेतले नाही, एवढेच घडले. अध्यक्षांच्या भाषणात ‘सलग दहाव्या वर्षी विक्रमी नफा’ असे वाक्य आले, की आपण या ठेवीच्या पुढे नेमके काय मिळवले हे त्यांना विचारावेसे वाटते.

आता हिशेबाकडे वळते. सोयीसाठी मनानेच आकडे धरून दोन कंपन्या घेऊ. दोघींचीही प्रतिशेअर कमाई दहा वर्षांत ३० वरून ६० झाली आणि आरंभीच्या वर्षापासून शेवटच्या वर्षाच्या आधीपर्यंतच्या दहा वर्षांची बेरीज दोघींचीही ४३० रुपये आहे. पहिलीने त्यातून एकूण ३१० रुपये लाभांश वाटला आणि १२० रुपये ठेवून घेतले. दुसरीने ३० रुपये वाटले आणि ४०० ठेवून घेतले. वाढलेली कमाई दोन्हीकडे ३० रुपयेच. ती ठेवून घेतलेल्या रकमेने भागली, की पहिलीचा परतावा २५ टक्के येतो आणि दुसरीचा साडेसात. तू पाठवलेल्या तक्त्यात या दोन्ही कंपन्या एकसारख्या दिसल्या असत्या. प्रत्यक्षात एकीने भागधारकाच्या हातात ३१० रुपये ठेवून वर कमाईही दुप्पट केली, तर दुसरीने त्याचे ४०० रुपये अडकवून जेमतेम ठेवीच्या व्याजाइतके काम केले.

अनेक जण या भागाकारात शेवटच्या वर्षाचा राखलेला नफाही धरतात. मी तो सोडते, कारण मार्चअखेर ठेवून घेतलेला पैसा त्याच मार्चच्या कमाईत भर घालू शकत नाही. तू कोणतीही एक रीत धर, पण सगळ्या कंपन्यांना तीच लाव.

तुझ्या तक्त्यात आरओईचा, म्हणजे भागधारकांच्या एकूण भांडवलावरील परताव्याचा, रकाना आहे आणि त्यावर तुझा फार भरवसा दिसतो. तो आकडा खोटा नसतो, पण त्यात जुने आणि नवे भांडवल एकत्र मिसळलेले असते. वरच्या दोन्ही कंपन्यांचे आरंभीचे पुस्तकी मूल्य, म्हणजे ताळेबंदातले भागधारकांचे भांडवल, शेअरमागे १५० रुपये होते असे समज; तेव्हा दोघींचाही परतावा २० टक्के होता. दहा वर्षांनी पहिलीचे भांडवल २७० रुपये झाले आणि परतावा २२ टक्क्यांवर गेला. दुसरीचे ५५० झाले आणि परतावा ११ टक्क्यांच्या खाली उतरला. मात्र ही उतरण दरवर्षी एखाद्या टक्क्याने होत असल्यामुळे मधल्या वर्षांत कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पूर्वजांनी उभारलेल्या चांगल्या धंद्याचा नफा नव्या रुपयांची सुस्ती बराच काळ झाकून ठेवतो. पुढची वाढ जुन्या रुपयांतून नव्हे, नव्याने गुंतवलेल्या रुपयांतून येणार असते, म्हणून नव्या रुपयांचा हिशेब वेगळा मांडायचा.

तुझे बाबा माझ्या खांद्यावरून हे वाचत आहेत आणि ‘लाभांश देत नाही ती कंपनी आपली नाही’ हे त्यांचे जुने मत तुला कळवायला सांगत आहेत. कळवले. पण ते मला मान्य नाही. अमेरिकेतले नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने त्यांच्या काळात लाभांश दिला तो एकदाच, १९६७ साली, आणि त्या भागधारकांची कसलीही तक्रार नाही. पण त्याच बफे यांनी १९८३ च्या वार्षिक अहवालात स्वतःसाठी कसोटीही घालून घेतली, की ठेवून घेतलेल्या प्रत्येक डॉलरमागे कालांतराने भागधारकांना किमान एक डॉलरचे बाजारमूल्य मिळाले पाहिजे. आणि ही तपासणी पाच-पाच वर्षांच्या सरकत्या कालखंडावर करायची. ही बाजारभावाची कसोटी आपल्या भागाकाराला पूरक आहे. मात्र बाजार तेजीत असला की सामान्य कंपन्याही तिच्यात उत्तीर्ण होतात, म्हणून आधी कमाईचा हिशेब आणि मग भावाचा, हा क्रम मी सोडत नाही.

करामुळेही नफा ठेवून घेण्याच्या बाजूने थोडे झुकते माप द्यावे लागते. मार्च २०२० पर्यंत लाभांश वितरण कर कंपनी भरत असे. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या टप्प्यानुसार त्यावर कर लागतो. तू ३० टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर वाटलेल्या शंभर रुपयांपैकी उपकर धरून सुमारे ६९ रुपयेच तुझ्या हाती येतात. तेव्हा कंपनी तो शंभराचा आकडा बऱ्या परताव्याने गुंतवू शकत असेल, तर तिने तो ठेवलेलाच बरा. पण त्यासाठी ‘बऱ्या परताव्याने’ ही अट पाळली गेली पाहिजे.

आता आकडे काढायचे कुठून? वार्षिक अहवालात ताळेबंदानंतर समभागातील बदलांचे विवरणपत्र, म्हणजे भागधारकांच्या पैशात वर्षभरात काय बदल झाला त्याचा तक्ता, असतो. लोक त्याचे पान उलटून पुढे जातात; मी विद्यार्थ्यांना नेहमी तिथेच थांबवत असे. त्यात ‘इतर समभाग’ या शीर्षकाखाली उभे रकाने असतात: प्रतिभूती अधिमूल्य (शेअर दर्शनी किमतीहून जास्त भावाने विकून आलेला वरचा पैसा), सर्वसाधारण राखीव निधी, राखून ठेवलेली कमाई वगैरे. ‘राखून ठेवलेली कमाई’ या रकान्यात वरून खाली बोट फिरव. आरंभीची शिल्लक, त्यात वर्षाचा नफा मिळवलेला, त्यातून दिलेला लाभांश वजा केलेला, कधी सर्वसाधारण राखीव निधीकडे वळवलेली रक्कम, आणि अखेरची शिल्लक. निधीकडे वळवलेली रक्कम ही कंपनीबाहेर गेलेली नसते, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली असते; ती लाभांशासारखी वजा करायची नाही. १९५६ च्या कंपनी कायद्यात ठरावीक मर्यादेपुढे लाभांश देताना नफ्याचा काही भाग राखीव निधीकडे वळवणे सक्तीचे होते, २०१३ च्या कायद्याने ती सक्ती गेली. त्यामुळे जुन्या आणि नव्या अहवालांत हा फरक तुला दिसेल. कंपनीने स्वतःचे शेअर परत खरेदी केले असतील तर ती रक्कम मात्र भागधारकांना दिलेली म्हणूनच धर. शेअरची संख्या घटल्यामुळेही प्रतिशेअर कमाई वाढते, हे त्या वेळी लक्षात असू दे.

बोनस (भागधारकांना फुकट दिलेले जादा शेअर) आणि विभाजन (एका शेअरचे अनेक करणे) यांच्याकडे तू दुर्लक्ष केलेले दिसते. एकास एक बोनस दिल्यावर नव्या अहवालात आधीच्या वर्षाची प्रतिशेअर कमाई निम्मी करून दाखवतात, पण आठ वर्षांपूर्वी छापलेला अहवाल कोणी दुरुस्त करत नाही. ते आकडे आपणच दोनाने भागून घ्यायचे, आणि लाभांशही त्याच मापाने. कंपनीला उपकंपन्या असतील तर स्वतंत्र नव्हे, एकत्रित हिशेब घे, कारण राखलेला पैसा बहुधा खाली उपकंपनीत जातो आणि त्याचे फळ किंवा नुकसान तिथेच दिसते.

यापुढचा भाग अधिक जपून वाच, कारण हा भागाकार जितका सोपा आहे तितकाच फसवाही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपनी कराचा दर कमी केला. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्के झाला. पूर्वी ३४.९४ टक्के भरणाऱ्या कंपनीच्या करपूर्व शंभर रुपयांतून सुमारे ६५ रुपये उरत असत, ते आता ७५ च्या जवळ उरू लागले. म्हणजे एकही यंत्र न बसवता निव्वळ नफा १५ टक्क्यांनी वाढला. तुझा दहा वर्षांचा कालखंड या वर्षाला ओलांडून जातो, तेव्हा ती वाढ राखलेल्या नफ्याच्या नावावर जमा करू नकोस. करपूर्व नफ्यावरही एकदा हिशेब करून पाहा. उलट, आरंभाचे वर्ष टाळेबंदीचे २०२०–२१ धरले, तर अनेक कंपन्यांची कमाई मुळातच खालावलेली असल्यामुळे पुढची प्रत्येक वाढ पराक्रम वाटते.

खनिज, धातू, साखर अशा धंद्यांत तर आरंभाचे आणि शेवटचे वर्ष निवडण्यातच सगळे उत्तर दडलेले असते. आपल्या काटोल रोडवर मुख्यालय असलेली मॉइल घे. मॅंगनीज खनिजाचा भाव वर गेला की तिची कमाई वर, आणि खाली आला की खाली. त्यात व्यवस्थापनाने राखलेल्या रुपयाचा वाटा किती, हे दोन टोकांची वर्षे जोडून कळणार नाही. अशा ठिकाणी मी आरंभीच्या तीन वर्षांची आणि शेवटच्या तीन वर्षांची सरासरी घेते. शिवाय मॉइल केंद्र सरकारच्या मालकीची. अशा कंपन्यांनी निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ५ टक्के यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका किमान लाभांश द्यावा, असे २०१६ पासूनचे सरकारी धोरण होते; नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातले ५ टक्के ४ वर आणले गेले. तिथे किती ठेवायचे हा निर्णय सर्वस्वी व्यवस्थापनाचा नसतो, म्हणून त्याचे श्रेय किंवा दोषही सर्वस्वी त्यांचा नाही. बँकांना मी हे गणित लावतच नाही. दिलेल्या कर्जांच्या प्रमाणात स्वतःचे पुरेसे भांडवल राखण्याच्या, म्हणजे भांडवल पर्याप्ततेच्या, नियमामुळे त्यांना नफा ठेवावाच लागतो आणि त्यांची कमाई मुख्यतः ठेवीदारांच्या पैशावर होते.

कर्जाचा रकाना तू पाहिला आहेस का? राखलेल्या शंभर रुपयांसोबत तीनशे रुपये कर्ज काढून कमाई वाढवली असेल, तर परतावा डोळे दिपवणारा दिसेल आणि तो निम्मा-अधिक बँकेच्या पैशाचा असेल. चढ्या भावाने नवे शेअर विकून आलेल्या पैशाचेही तसेच. त्यासाठी प्रतिभूती अधिमूल्याचा रकाना आणि कर्जाची टीप दोन्ही बघ, आणि दहा वर्षांत ते किती वाढले ते आपल्या भागाकाराशेजारी लिहून ठेव.

कमी परतावा दिसला म्हणून लगेच कंपनीला नावेही ठेवू नयेत. सिमेंटचा नवा कारखाना उभा राहायला काही वर्षे लागतात. तोवर त्यातला पैसा ताळेबंदात ‘प्रगतिपथावरील भांडवली काम’ या ओळीत पडून असतो आणि कमाईत काहीच भर घालत नाही. ही ओळ मोठी असेल तर वाट पाहणे योग्य. पण तीच रक्कम चार-पाच वर्षे हलत नसेल, किंवा राखलेला पैसा म्युच्युअल फंडांत आणि बँक ठेवींत साठून ‘इतर उत्पन्न’ वाढवत असेल, तर त्या कंपनीला पैसा कुठे लावावा हे सुचत नाही असे मी समजते. दुसरी एक जातही असते: जुनी यंत्रे बदलण्यापुरताही घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी खर्चात धरलेली रक्कम, पुरत नाही, कारण घसारा जुन्या किमतीवर आकारला जातो आणि नवी यंत्रे आजच्या भावाने घ्यावी लागतात. अशा कंपन्या नफ्याचा मोठा भाग ठेवून घेतात तो वाढण्यासाठी नव्हे, जागेवर टिकण्यासाठी. त्यांच्या नफ्यातला खरोखर वाटता येण्याजोगा भाग छापील आकड्यापेक्षा लहान असतो.

कंपनी काय सांगते तेही वाचून घे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१६ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० सूचीबद्ध कंपन्यांना लाभांश वितरण धोरण जाहीर करणे बंधनकारक केले आणि २०२१ मध्ये ही मर्यादा पहिल्या १,००० पर्यंत नेली. राखलेली कमाई कशासाठी वापरली जाईल, हे त्या धोरणात सांगावे लागते. माझ्या वाचनात आलेली बहुतेक धोरणे ‘विस्तार, आधुनिकीकरण आणि व्यवसायाच्या गरजा’ एवढ्यावर आटोपतात. तरीही पाच वर्षांपूर्वी काय लिहिले होते आणि प्रत्यक्षात पैसा कुठे गेला, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे असते.

तेव्हा त्या कंपनीचे अकरा वर्षांचे वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घे आणि प्रत्येक वर्षासाठी एकत्रित प्रतिशेअर कमाई, लाभांश, परतखरेदी, कर्ज, अधिमूल्य आणि इतर उत्पन्न एवढे रकाने भरून मला पाठव. परतावा दहा टक्क्यांच्या आत आला आणि प्रगतिपथावरील कामाची ओळ लहान असली, तर आजच्या भावाला तो शेअर घेऊ नये असेच मी सांगेन; पंधराच्या वर आला, तर मग भाव योग्य आहे का याची चर्चा करू. तक्ता पूर्ण होईपर्यंत खरेदी थांबव.

इथे उकाडा तसाच आहे आणि कूलर दिवसरात्र चालू आहे. जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझी,
आई