अर्धवट राहिलेलं भांडण

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

परवा पूर्वजांनी केलेल्या अन्यायाच्या भरपाईवरून आपलं वाजलं आणि फोन ठेवताना तू म्हणालास, "जे मी केलंच नाही, त्याची भरपाई मी का करायची?" मी गप्प झालो, तर तुला वाटलं असेल रागावलो. तसं नव्हतं रे. उत्तर सुचलं नाही, इतकंच. तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात घोळतोय.

अमेरिकेत २०२१ साली प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेने लोकांना विचारलं, गुलामगिरीत जगलेल्यांच्या वंशजांना भरपाई द्यावी का? कृष्णवर्णीयांपैकी ७७ टक्के 'द्यावी' म्हणाले, गोऱ्यांपैकी फक्त १८ टक्के. आणि त्याच देशात १९८८ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांना प्रत्येकी २०,००० डॉलर आणि माफी देणाऱ्या कायद्यावर सही केली होती. फरक कुठे पडला? पैसे मिळणार होते ते त्या दिवशी हयात असलेल्यांना. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस समोर उभा होता, त्याला 'जुनी गोष्ट आहे, सोडून दे' म्हणणं अवघड होतं.

हे 'जुनं' मोठं फसवं असतं. २०१० सालच्या एका अभ्यासात जर्मन आणि कॅनेडियन लोकांना ज्यूंच्या संहाराबद्दल विचारलं. वर्षं दोघांसाठी तितकीच. पण आपल्याच लोकांनी काय केलं हे समोर आल्यावर जर्मनांना तो काळ जास्त लांबचा वाटला. हे कोणी मुद्दाम करत नाही. आपली माणसं वाईट वागली हे सहन होत नाही, म्हणून मन ती गोष्ट मागे ढकलतं. मी स्वतःही हे केलंय, आणि तेव्हा मला ते अगदी तर्कशुद्ध वाटलं होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. १८३३ साली ब्रिटनने गुलामगिरी बंद करायचा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई दिली. मालकांना! गुलामांच्या हातात छदामही पडला नाही, उलट त्यातल्या बहुतेकांना पुढची काही वर्षं 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकांकडे फुकट राबावं लागलं. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज फिटलं २०१५ साली. म्हणजे आपल्या वयाच्या लोकांनी, ज्यांनी कधी गुलाम पाहिलाही नाही, त्यांनी आपल्या करातून ते भरलं. 'मी कुठे केलं?' असं कोणी विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे बोट दाखवून कोणी मागितलंच नव्हतं. सरकारी देणं होतं, फिटत राहिलं.

मला वाटतं तुझी अडचण इथेच आहे. देणं मागितलं की तुला आरोप ऐकू येतो.

पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट आठवतात? नाझींच्या विरोधात होते, तरुणपणीच देश सोडून पळावं लागलं होतं. हातून काहीच घडलेलं नाही, तरी १९७० साली वॉर्सातल्या ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकले. तेव्हाच्या एका पाहणीत पश्चिम जर्मनीतल्या ४८ टक्के लोकांना ते अति वाटलं. रक्कम शून्य, तरी अति! मग अडतं ते पैशापाशी नाहीच, असं मला आता ठामपणे वाटतं.

किती द्यायचं, कोणाला, किती पिढ्यांपर्यंत, याचा हिशोब खरंच कठीण आहे. तिथे मीही अडखळतो आणि तू हिशोबात माझ्यापेक्षा पक्का आहेस. तेवढ्यावर मला सविस्तर लिही. फोन नको, पत्रच पाठव.

तुझा,
अनिकेत