फोर्टातल्या पाट्यांवर न आलेली नावे : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की मी शाळकरी मुलांना घेऊन फोर्टात फिरतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर थांबलो की एक प्रश्न हमखास येतो : "हे इंग्रजांनी बांधलं ना?" पूर्वी मी सरळ "हो" म्हणायचो. आता म्हणवत नाही.

आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, हे खरेच. १८७८ ते १८८८, दहा वर्षे काम चालले. पण तिथे साहाय्यक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य. भिंतींवरची पाने-फुले, पशुपक्षी घडवण्यात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. हेच वैद्य पुढे १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलच्या वास्तुरचनेतही होते. किती मुंबईकरांना हे नाव ठाऊक आहे?

राजाबाई टॉवरचे तर नवलच. ज्यांनी तो कागदावर उतरवला ते जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावासाठी. लंडनहून आलेली चित्रे वाचून ती कुर्ल्याच्या दगडात उभी करणारी माणसे इथलीच. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या माणसांचे २४ पुतळे आहेत; त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. मला त्या मनोऱ्यात सर्वात मोलाचे वाटतात ते हे पुतळे. ज्यांच्यावर राज्य चालले होते, त्यांचेच चेहरे त्या उंचीवर आहेत.

म्हणून "गुलामीच्या खुणा" म्हणून या इमारतींकडे पाठ फिरवणे मला पटत नाही. राज्य परके होते आणि त्याने लुटलेही. घाम मात्र आपला होता.

आता दुरुस्तीविषयी, कारण खरी काळजी तिथे आहे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ सालची, देशात पहिली. जागतिक वारसा यादीत टर्मिनस २००४ साली गेले. ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको शैलीच्या इमारती २०१८ साली. तरीही जुन्या भिंतींतले दगडांमधले सांधे सिमेंटने भरलेले मी पाहतो. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. पावसाचे पाणी भिंतीत मुरते, सांध्यातून बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ते दगडातूनच वाट काढते. पोरबंदरी दगडासारखा मऊ दगड आधी पोपडे धरतो, मग कोरीवकाम झडते. एकदा झडलेला चेहरा परत येत नाही.

चुना मळणारे गवंडी आणि जुन्या वळणाचे पाथरवट कमी होत चालले आहेत. सर्वात कमी दराच्या निविदेत त्यांची मजुरी बसत नाही.

रेल्वे केंद्राची, टॉवर विद्यापीठाचा, हे मला कळते. पण राज्याच्या ताब्यातल्या वारसा इमारतींपुरते तीन निर्णय आपल्या हाती आहेत. दुरुस्तीच्या निविदेत चुनाकामाचा अनुभव सक्तीचा करा आणि प्रत्येक कामावर शिकाऊ गवंड्यांना पगार देऊन शिकवण्याची अट घाला. आणि पाटी लावताना अभिलेखागारातली कागदपत्रे उघडा; अभियंता, कंत्राटदार, कारागीर, ज्यांची नावे सापडतील ती सगळी मराठीत लिहा.

पुढच्या हिवाळ्यात मुले पुन्हा तोच प्रश्न विचारतील. तेव्हा त्यांना पाटीकडे बोट दाखवता यावे, एवढी माझी मागणी आहे.

आपला,
एक मुंबईकर