पाठीमागची बाजू

सुइता (ओसाका),
१८ एप्रिल २०२३

प्रिय संज्या,

तुझा रविवारचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. प्रयागराजला शनिवारी रात्री माजी खासदार आणि बाहुबली गुंड अतीक अहमद आणि त्याचा भाऊ पोलिसांच्या गराड्यात, कॅमेऱ्यांसमोर मारले गेले, आणि मारणारे पत्रकार बनून आले होते, हे सांगताना तुझा आवाज चढला होता. 'आरोपी ताब्यात आहे म्हणजे त्याचा जीव आपल्या अंगावर,' असं तू पोलिसातला माणूस म्हणून म्हणालास. सोसायटीच्या ग्रुपवर लोक पेढे वाटायच्या गोष्टी करत होते, त्याचा तुला जास्त राग आलेला दिसला.

त्याच शनिवारी सकाळी इथे वाकायामाच्या साइकाझाकी बंदरात पंतप्रधान किशिदांवर एकानं पाइप बॉम्ब टाकला. पोटनिवडणुकीचा प्रचार होता. किशिदा नुकतेच तिथले मासे चाखून भाषणाला वळले होते. बॉम्ब पन्नासेक सेकंदांनी फुटला, तोवर त्यांना हलवलं होतं, म्हणून निभावलं. हल्लेखोराच्या मानेला विळखा घातला तो एका मच्छीमारानं! आणि किशिदा त्याच दिवशी वाकायामा स्टेशनसमोर पुन्हा भाषणाला उभे. तू असतास तर साहेबांना गाडीत कोंबून थेट विमानतळ गाठला असतास.

नाराच्या वेळी मी तुला दोन ओळीच लिहिल्या होत्या. ८ जुलै २०२२ ला नारा शहरात यामातो-साइदाइजी स्टेशनबाहेर माजी पंतप्रधान शिंझो आबेंना गोळ्या घातल्या, ती जागा इथल्या ओसाकातल्या नाम्बाहून गाडीनं अर्ध्या तासावर. आबे चौकात गार्डरेलच्या मध्ये उभे, समोर गर्दी, पाठीमागे उघडा रस्ता. मारेकऱ्याची बंदूक घरी बनवलेली. पहिला बार चुकला, मोठा आवाज झाला, धूर निघाला. दुसरा बार व्हायला जेमतेम अडीच सेकंद लागले आणि तेवढ्यात आबेंना कुणी खाली दाबलं नाही. जिथे वर्षाला गोळीबाराचे बळी बोटांवर मोजावेत, तिथे तो आवाज बंदुकीचा असेल असं पटकन कुणाच्या मनात येणार?

पण तुला कळवायचं आहे ते पुढचंच. ऑगस्टमध्ये पोलिसांचाच अहवाल आला. दौरा आदल्या दिवशी ठरला, म्हणून नारा पोलिसांनी त्याच चौकात आधी झालेल्या दुसऱ्या नेत्याच्या सभेचा आराखडा जवळजवळ तसाच उचलला. ज्या पोलिसानं मागची बाजू बघायची त्याचं लक्ष समोरच्या वाढत्या गर्दीकडे गेलं. वाचताना तूच आठवलास. मागच्या वर्षीची बंदोबस्त स्कीम, फक्त तारीख बदललेली! लक्ष्मी रोडला विसर्जनाच्या रात्री गणपतीकडे पाठ करून उभा राहायचास, आणि आम्ही 'बाप्पाचं दर्शन तरी घे' म्हणून चिडवायचो. आता नाही चिडवणार.

देशाच्या पोलीस प्रमुखांनी राजीनामा दिला, नाराच्या प्रमुखांनीही. जवळपास तीस वर्षं जुने नियम बदलले, जिल्ह्यांचे आराखडे आता वरून तपासून येतात. तरीही साइकाझाकीत कुणाची पिशवी उघडली गेली नाही. गावात सगळे ओळखीचे, म्हणे.

लोकांचं म्हणशील तर, मी त्या रविवारी नाराला गेलो होतो. फुलं घेऊन उन्हात मुकाट उभी असलेली लांब रांग. त्याच दिवशी मतदान होतं, तेही पार पडलं. मग हळूहळू वारं फिरलं. मारेकऱ्याच्या आईनं युनिफिकेशन चर्च या धार्मिक पंथाला दहा कोटी येन देऊन घर धुऊन काढलं होतं, हे बाहेर आलं. त्या चर्चशी सत्ताधारी पक्षाच्या किती खासदारांचे संबंध, याची यादी निघाली. सप्टेंबरमधल्या शासकीय अंत्यसंस्काराला बाहेर मोर्चे निघाले. कोठडीत त्या मारेकऱ्याला लोकांनी पैसे पाठवले, खाऊ पाठवला. डिसेंबरमध्ये त्याच्या आईनं दिल्या तशा देणग्यांना चाप लावणारा कायदाही झाला.

कायदा हवाच होता. अशा देणग्यांपायी बुडालेल्या घरांची दुःखं वाचून माझ्याही घशात आवंढा आला. पण तो कायदा गोळीच्या आवाजानंतर आला, हे मला गिळता येत नाही. ऑफिसातला एक सज्जन सहकारी जेवताना म्हणाला, 'त्यानं केलं ते वाईट, पण...' त्या 'पण'पुढे मी डबा बंद केला. तुमच्या ग्रुपवरचे पेढे आणि हा 'पण' मला एकाच घरातले वाटतात. अतीक आणि आबे एका तराजूत घालत नाहीये, गैरसमज नको.

आमच्याकडे येत्या रविवारी नगरपालिकेची निवडणूक आहे. आज सकाळी स्टेशनबाहेर एक बाई उमेदवार पांढरे हातमोजे घालून उभ्या होत्या, सोबत फक्त दोन कार्यकर्ते. माझ्या पाठीवर लॅपटॉपची सॅक. मी जवळून जाताना कार्यकर्त्याची नजर सॅकवर गेली, मग माझ्या तोंडावर. माझंही पाऊल अडखळलं. बाईंनी तेवढ्यात दोन्ही हातांनी माझा हात धरला. मला मत नाही हे त्यांना कसं सांगावं सुचेना, म्हणून वाकून नमस्कार केला आणि गाडी पकडली.

तुझी निवृत्ती कधी रे? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या