पेशी प्रथिने का मोडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत प्रथिनांवर आलेला पानभर लेख वाचला. भाषा सोपी आहे, उघड चुकीची विधाने फारशी नाहीत, तरीही लेख संपल्यावर डोक्यात जे चित्र उरते ते उलटे आहे. लेखकाच्या मते प्रथिने बनवणे हे पेशीचे खरे काम. मोडते ती फक्त जुनी आणि बिघडलेली, म्हणजे ‘साफसफाई’. आणि शेवटच्या परिच्छेदात ही साफसफाई उपाशी राहिल्यावर सोळाव्या तासाला ‘सुरू होते’, असेही छापले आहे. मी आयुष्यभर पदवीच्या वर्गांना जीवरसायनशास्त्र शिकवले. निवृत्त झाले तरी असे काही दिसले की हात लाल पेनाकडे जातो. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच असेल तर या पहिल्या परिच्छेदाला लावा, पुढच्यांना नको.

आधी आकडे. सत्तर किलोच्या प्रौढ शरीरात दहा-अकरा किलो प्रथिन असते. त्यातले सुमारे २५० ते ३०० ग्रॅम रोज मोडते आणि जवळपास तेवढेच रोज नव्याने बनते. आहारातून येणारे प्रथिन सहसा याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतके. म्हणजे नवी प्रथिने बांधायला लागणारी बहुतेक अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांच्या साखळीचे मणी, बाहेरून येतच नाहीत, शरीराच्याच मोडलेल्या प्रथिनांतून येतात. हे भरल्या पोटी चालू असते, झोपेत चालू असते. उपाशी राहिल्याने वेग आणि तोल बदलतो, पण त्या सोळाव्या तासाला काही कळ दाबली जात नाही.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही सहज पटलेली नाही. ऑटो फोलिन यांनी १९०५ साली मांडलेला विचार पुढे तीसेक वर्षे चालला: खाल्लेल्या प्रथिनातला नायट्रोजन बहुतांशी सरळ युरिया होऊन बाहेर पडतो, आणि ऊतींची प्रथिने जागच्या जागी राहतात, त्यांची थोडीशी झीज तेवढी होते. हा समज मोडला रुडॉल्फ शोएनहायमर यांनी. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तिथेच हॅरॉल्ड युरी होते, जड हायड्रोजनचा शोध लावणारे. त्यांच्यामुळे १५ वस्तुमानांकाचा जड नायट्रोजनही हाताशी आला, म्हणजे शरीरात कुठे गेला ते वजनावरून ओळखता येणारा नायट्रोजन. शोएनहायमर यांनी तो ल्युसीन या अमिनो आम्लात बसवला आणि वजन स्थिर असलेल्या प्रौढ उंदरांना खाऊ घातला. जुन्या विचारानुसार तो काही दिवसांत लघवीत सापडायला हवा होता. प्रत्यक्षात सुमारे निम्मा ऊतींच्या प्रथिनांत जाऊन बसला होता. बरे, तो ल्युसीनपुरताही थांबला नव्हता. ग्लुटामिक आम्ल, ॲस्पार्टिक आम्ल अशा इतर अमिनो आम्लांतही पोचला होता, फक्त लायसीनमध्ये नाही. उंदरांचे वजन तर वाढले नव्हते. मग जेवढे नवे आत आले तेवढे जुने बाहेर पडले असणार, दुसरा अर्थच निघत नाही. मला आजही हा प्रयोग शिकवायला सर्वांत आवडतो, कारण सगळा निष्कर्ष न बदललेल्या वजनावर उभा आहे. शोएनहायमर १९४१ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी गेले.

त्यानंतरही शंका राहिल्याच. जाक मोनो आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दाखवले की वाढत्या जिवाणूंत एकदा बनलेले बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) मोडत नाही, तसेच राहते. निरीक्षण बरोबर होते. पण भराभर दुभंगणाऱ्या जिवाणूत नको असलेले प्रथिन पिढ्यांमध्ये वाटले जाऊन आपोआप विरळ होते. यकृताच्या किंवा मेंदूच्या पेशीला ती सोय नाही.

आता खरा पेच. अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध पाण्याने तुटणे ही ऊर्जेच्या दृष्टीने उताराची क्रिया आहे. पोटातले पेप्सिन आणि आतड्यातले ट्रिप्सिन एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणूही न खर्चता प्रथिनांचे तुकडे पाडतात. पण मेल्विन सिम्पसन यांनी १९५३ मध्ये उंदराच्या यकृताच्या चकत्यांवर काम करताना पाहिले की पेशीची ऊर्जानिर्मिती रोखली तर प्रथिने मोडणेही मंदावते. वर्गात हे सांगितले की दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचेच, ‘‘मॅडम, उतारावर जायला पेट्रोल कशाला?’’ शास्त्रज्ञांनाही नेमका हाच प्रश्न पडला होता आणि त्याचे पूर्ण उत्तर मिळायला सव्वीस-सत्तावीस वर्षे गेली.

ख्रिश्चन द द्यूव्ह यांनी १९५५ मध्ये लायसोसोम शोधले, पेशीतल्या पचनाच्या पिशव्या. आत पीएच पाचच्या आसपास, प्रथिने पचवणारी एन्झाइमे भरलेली. ही आम्लता टिकवायला प्रोटॉन आत ढकलावे लागतात आणि त्याला एटीपी लागतो. तेव्हा अर्धे उत्तर मिळाले असे वाटले. पण लायसोसोम घाऊक गिळतो. मग यकृताच्या एकाच पेशीत ऑर्निथीन डिकार्बोक्सिलेजसारख्या एन्झाइमचे अर्धायुष्य (निम्मे मोडायला लागणारा वेळ) काही मिनिटांचे आणि शेजारच्या दुसऱ्याचे काही दिवसांचे, हे कसे? शिवाय रेटिक्युलोसाइट म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशींत लायसोसोम नसतात, तरी त्या सदोष हिमोग्लोबिन मोडतात, आणि एटीपी खर्चूनच मोडतात.

याच पेशींच्या अर्कावर हैफाच्या टेक्निऑन संस्थेत अव्राम हर्शको आणि आरोन चेखानोव्हर यांनी काम केले. सशाच्या पेशींचा अर्क त्यांनी दोन भागांत वेगळा केला. एकटा कुठलाच भाग काम करेना. एकत्र केले की प्रथिन मोडायला लागे. पहिल्या भागात हिमोग्लोबिनचा मोठा अडथळा होता, म्हणून तो उकळला. हिमोग्लोबिन साकळून तळाशी गेले आणि वर राहिलेल्या द्रवात हवा असलेला घटक शाबूत होता. उकळूनही टिकणारे एक चिमुकले प्रथिन! फिलाडेल्फियातील अर्विन रोझ यांच्याबरोबर केलेल्या कामात १९८० मध्ये स्पष्ट झाले की हे प्रथिन स्वतः काहीच कापत नाही, ज्याला मोडायचे त्याला जाऊन चिकटते, तेही एक नाही, अनेक. त्याच्या पाच वर्षे आधी वेगळ्याच संदर्भात सापडलेले युबिक्विटिन ते हेच. त्यात ७६ अमिनो आम्ले आहेत, आणि यीस्ट व माणूस यांच्या युबिक्विटिनमध्ये फरक फक्त तीन जागी. या तिघांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

यंत्रणा थोडक्यात अशी. पहिले एन्झाइम एटीपी खर्चून युबिक्विटिनला क्रियाशील करते, दुसरे ते वाहून नेते, तिसरे कुणाला चिकटवायचे ते ठरवते. माणसात पहिल्या प्रकारची एन्झाइमे दोन, दुसऱ्या प्रकारची चाळीसच्या घरात आणि तिसऱ्या प्रकारची सहाशेहून अधिक. निवड कुठे होते ते या आकड्यांतूनच दिसते. युबिक्विटिनची साखळी लागली की प्रथिन प्रोटिएसोम या कापणाऱ्या यंत्राकडे जाते. प्रोटिएसोमचा गाभा सात-सात घटकांच्या चार कड्यांचा, पोकळ. कापणाऱ्या जागा आतल्या बाजूला आणि तोंड इतके अरुंद की घडी घातलेले प्रथिन आत शिरूच शकत नाही. तोंडावरची यंत्रणा एटीपी खर्चून ती घडी उलगडते, दोरीसारखे प्रथिन आत ओढते, आणि युबिक्विटिन सोडवून पुन्हा वापरायला परत देते. म्हणजे मागच्या बाकाला उत्तर असे: कापायला ऊर्जा लागत नाही. कुणाला कापायचे हे ठरवायला आणि बाकीच्यांना सुरक्षित ठेवायला लागते.

आता ‘साफसफाई’कडे येते. टिम हंट यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत समुद्री साळूच्या अंड्यांत एक प्रथिन पाहिले. ते प्रत्येक पेशीविभाजनापूर्वी साचत जाई आणि विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसे होई. हे सायक्लिन. ते जुने नसते, बिघडलेलेही नसते. नुकतेच बनलेले, उत्तम काम करणारे असते. तरी ते मोडावेच लागते, आणि मोडता येणार नाही असे सायक्लिन पेशीत घातले तर पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकून पडते. इथे साफ करण्यासारखे काय होते?

दुसरे उदाहरण मला अधिक प्रिय आहे, कारण ते थेट चयापचयाला भिडते. ऑक्सिजन कमी पडला की पेशीला बरेच काही बदलावे लागते: ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय वापरण्याचा मार्ग वाढवायचा, नव्या रक्तवाहिन्यांचा निरोप द्यायचा, मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडून तांबड्या पेशी वाढवायच्या. हे घडवणाऱ्या प्रथिनाचा एक भाग हिफ-१ अल्फा. पेशी हे प्रथिन ऑक्सिजन भरपूर असतानाही सतत बनवते आणि सतत मोडते. त्याचे अर्धायुष्य तेव्हा काही मिनिटांचेच असते. त्यातल्या दोन ठरावीक प्रोलीनवर एक एन्झाइम हायड्रॉक्सिल गट बसवते. त्यासाठी त्याला ऑक्सिजन, लोह आणि क्रेब्स चक्रातले, म्हणजे पेशीच्या ऊर्जानिर्मितीच्या चक्रातले, अल्फा-कीटोग्लुटारेट लागते. हा गट बसला की युबिक्विटिन लागते आणि हिफ संपतो. ऑक्सिजन घटला की गट बसत नाही, मोडणे थांबते, आणि आधीपासून बनतच असलेला हिफ भराभर साचतो. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पेशीला ऑक्सिजनची पातळी कशी कळते याच संशोधनासाठी मिळाले.

हा खर्च किती, तेही पाहू. एक पेप्टाइड बंध बांधायला उच्च ऊर्जेचे सुमारे चार फॉस्फेट बंध खर्ची पडतात: दोन अमिनो आम्ल त्याच्या वाहक आरएनएवर चढवताना, दोन रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने जुळवणाऱ्या यंत्रावर. हिफ-१ अल्फा ८२६ अमिनो आम्लांचा. म्हणजे तीन हजारांहून अधिक बंध खर्चून एक रेणू बांधायचा, आणि काही मिनिटांत पुन्हा ऊर्जा लावून मोडायचा. वरवर पाहता निव्वळ उधळपट्टी. पण कुठल्याही प्रथिनाची पातळी बदलून नव्या मूल्याला किती लवकर पोचेल हे ते किती वेगाने बनते यावर नाही, तर किती वेगाने मोडते यावर अवलंबून असते. ज्याचे अर्धायुष्य तीन दिवस आहे त्याचे जनुक आज पूर्ण बंद केले तरी तीन दिवसांनी निम्मे प्रथिन शिल्लकच. ज्या प्रथिनांच्या हातात नियंत्रण असते त्यांतली बरीचशी अल्पायुषी का, याचे उत्तर या एका ओळीत आहे. परीक्षेत ही ओळ लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देत असे, बाकी उत्तर कसेही असले तरी.

आणि जिथे खरोखर सदोष प्रथिने काढली जातात तिथेही ‘साफसफाई झाली, बरे झाले’ इतके सरळ नसते. सिस्टिक फायब्रोसिसच्या सर्वांत सामान्य उत्परिवर्तनात क्लोराइड वाहणाऱ्या प्रथिनात ५०८ व्या जागचे एक फिनिलअॅलनीन नसते. त्यामुळे घडी नीट बसत नाही आणि बहुतेक रेणू पेशीच्या पृष्ठभागावर पोचण्याआधीच प्रोटिएसोममध्ये जातात. पोचले असते तर थोडेफार काम त्यांनी केले असते. आजची काही औषधे घडी सावरून त्यांना पोचूच देतात. उलट मल्टिपल मायलोमा या कर्करोगात २००३ पासून अमेरिकेत वापरात आलेले बोर्टेझोमिब प्रोटिएसोमच बंद पाडते. सतत प्रतिपिंडे बनवणारी ती कर्करोगाची पेशी मोडणे थांबताच गुदमरते.

राहिला उपवास. पेशीचाच माल लायसोसोमकडे पोचवण्याच्या प्रक्रियेला ऑटोफॅजी हे नाव द द्यूव्ह यांनीच १९६३ मध्ये दिले, आणि योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये तिची जनुके शोधून २०१६ चे नोबेल मिळवले. उपासमारीत ती वाढते हे खरे. इन्शुलिन आणि अमिनो आम्ले एमटॉर या नियंत्रक प्रथिनामार्फत तिला आवर घालतात, ऊर्जा घटली की एएमपीके हे दुसरे नियंत्रक एन्झाइम तिला मोकळे सोडते. पण हे घड्याळावर चालत नाही. प्रत्येक ऊतीचा वेग निराळा असतो आणि मुळात ती कधी पूर्ण थांबलेलीही नसते. लेखात न आलेली गोष्ट अशी की चरबी किंवा ग्लायकोजेनसारखा अमिनो आम्लांचा राखीव साठा शरीरात नसतो. प्रत्येक प्रथिनाला काही ना काही काम असते. उपवास लांबला की स्नायूंतली कामाची प्रथिने मोडतात, त्यांचा नायट्रोजन मुख्यतः ॲलनीन आणि ग्लुटामीनच्या रूपात बाहेर पडतो. यकृत ॲलनीनपासून मेंदूसाठी ग्लुकोज करते आणि उरलेला नायट्रोजन क्रेब्स आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलेल्या चक्रातून युरिया म्हणून टाकते. ज्याचा स्नायू जात आहे त्याला हे ‘डिटॉक्स’ म्हणून विकू नये.

एक विनंती. लेखासोबतच्या आकृतीत अमिनो आम्लांकडून प्रथिनाकडे जाणारा एकच जाड बाण आहे. पुढच्या अंकात जागा झाली तर ती आकृती पुन्हा छापा, उलटा बाण तितकाच जाड काढा आणि दोन्ही बाणांशेजारी ‘एटीपी’ लिहा.

आपली,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका