करिअरची माहिती तालुक्याच्या गावापर्यंत पोचवा, तीही निकालाआधी

मा. संपादक,
स. न.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला फेब्रुवारीत काढला, तर त्याची मुदत ३१ मार्चला संपते. दहावी-बारावीनंतरचे प्रवेश जूनमध्ये. नॉन-क्रीमिलेअर दाखल्याचेही (मागास प्रवर्गातले कुटुंब सधन गटात मोडत नाही याचा) तेच: त्याला मागच्या तीन वर्षांचे उत्पन्न लागते आणि मुदत कोणत्याही वर्षी संपो, ती ३१ मार्चलाच संपते. ज्या घरात ही गोष्ट ठाऊक आहे, तिथे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेतू केंद्रावर अर्ज जातो. ज्या घरात ठाऊक नाही, तिथे तीच धावपळ निकालानंतर होते. त्या वेळी तहसीलला रांग असते, सर्व्हर बसलेला असतो आणि मुदतीत दाखला सादर झाला नाही की मुलाचा अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. दोन घरांतली मुले सारख्याच गुणांची असतात. फरक पडतो तो एका तारखेच्या माहितीमुळे, आणि ही माहिती आज सार्वजनिक नाही. ती शहरातल्या क्लासवाल्यांकडे, समुपदेशकांकडे आणि नोकरदार नातेवाइकांकडे आहे.

म्हणून शासनाकडे आमचे मागणे एवढेच आहे की, करिअर आणि शिक्षणाच्या नियोजनाची माहिती प्रत्येक तालुक्यात, मराठीत, छापील आणि विनामूल्य मिळावी, आणि ती निकालानंतर नव्हे तर नववीतच हातात पडावी.

या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली. शेती, वाणिज्य, ललित कला, मानव्यविद्या, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, हे तिच्यातून कळे. हेतू चांगला होता. पण अहवालात 'तांत्रिक' असे आलेल्या मुलीला पुढचे काही त्या कागदावर नव्हते: तिच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये कोणते ट्रेड आहेत, किती जागा आहेत, मुलींचे वसतिगृह कुठे आहे. २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आले. नववी ते बारावीच्या मुलांसाठी, सरल क्रमांकाने, म्हणजे शाळेच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतल्या विद्यार्थी क्रमांकाने, लॉगिन करायचे. शेकडो व्यवसायांची माहिती एका ठिकाणी आली, हे मोठे काम होते. मात्र शाळा सुटलेला मुलगा, दहावी नापास झालेली मुलगी, किंवा ज्यांच्या मतावर घरातला निर्णय होतो ते आईवडील यांच्याकडे सरल क्रमांक कुठून असणार? सार्वजनिक माहितीला कुलूप कशाला हवे, हे आम्हाला आजही समजत नाही. २०२३ मध्ये विधानसभा मतदारसंघनिहाय युवाशक्ती करिअर शिबिरे झाली. शिबिर एक दिवस असते. अडचण येते ती त्यानंतरच्या तीनशे चौसष्ट दिवसांत.

नेमके काय चुकते, ते एका उदाहरणाने सांगतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. अर्जाचा भाग एक वैयक्तिक माहितीचा, भाग दोन पसंतीक्रमाचा. किमान एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजे देता येतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडते. आता पालक काय करतात? 'वरचे कॉलेज मिळणार नाही आणि मग काहीच मिळणार नाही' या भीतीने सहज मिळणारे, पण नको असलेले कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतात. ते मिळते आणि मूल तिथेच अडकते. खरे तर यंत्रणा गुणवत्ता यादीत मुलाचा नंबर आला की त्याच्या यादीच्या वरून खाली येते आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबते. वरचे कॉलेज हुकले म्हणून खालच्या कॉलेजमधला हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून नियम एकच: मनापासून जे हवे ते वर, आणि यादी पूर्ण भरायची. दोनच पसंत्या देऊन थांबलेल्या मुलाला पहिल्या फेरीत काहीच न मिळण्याचा धोका सर्वांत जास्त. हे चार ओळींत समजावता येते. पण त्या चार ओळी गावात कुठल्याही भिंतीवर लावलेल्या नाहीत.

त्यात अर्ज भरला जातो नेट कॅफेत. पुष्कळ वेळा मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत आणि पसंतीक्रमही त्याच्याच अंदाजाने. दुसऱ्या फेरीत पसंती बदलायची असेल तर ओटीपी त्या नंबरवर जातो आणि कॅफे त्या दिवशी बंद असतो. कॅफेवाल्याचा यात दोष नाही. जे काम त्याला कुणी शिकवले नाही, ते तो करतो आहे.

कागदपत्रांचे दुसरे मोठे दुखणे म्हणजे जात वैधता, म्हणजे जातीच्या दाखल्याची सरकारी पडताळणी. अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला की लगेच पडताळणी समितीकडे अर्ज जायला हवा, कारण बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्रुटी निघाली किंवा प्रकरण चौकशीसाठी दक्षता पथकाकडे गेले तर महिनेच्या महिने जातात. पुरावा मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा, हवा: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे बहुतेकांना आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेचा दाखला, जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल शोधावी लागते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर मदार महसुली नोंदींवर. त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, कधी मोडी लिपीत असतात, आणि मोडी वाचणारा शोधावा लागतो. हे काम आठवी-नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू केले तर शांतपणे होते. बारावीच्या जूनमध्ये सुरू केले तर राखीव जागा हातची जाते.

आणखी एक बारीक गोष्ट. दहावीचा अर्ज भरल्यावर मंडळाकडून शाळेला प्री-लिस्ट येते. त्यात नाव, आईचे नाव, जन्मतारीख तपासून सही करायची असते. तिथे 'सोनवणे'चे 'सोनावणे' झाले तर पुढे आधार, गुणपत्रिका आणि महाडीबीटी (शिष्यवृत्तीचे सरकारी पोर्टल) यांचा मेळ बसत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जाते. ते चौथीत काढलेले, वर्षानुवर्षे व्यवहार नसलेले खाते असेल तर पैसे अडकतात आणि मूल समजते की शिष्यवृत्ती मंजूरच झाली नाही.

योजनांबाबतही असेच. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन पात्र ठरलेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. आठवी गेली की ही संधी पुन्हा येत नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला माफी नाही, आणि खोली व मेसचा खर्च त्यात येत नाही. त्या खर्चासाठी स्वाधार, स्वयंम, सावित्रीबाई फुले आधार आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा वेगवेगळ्या योजना आहेत. प्रवर्ग वेगळा, विभाग वेगळा, अर्जाची जागा वेगळी. ही सगळी माहिती एका पानावर बसते. ते पान कुणीतरी छापायला हवे.

आयटीआयबद्दल तर गैरसमजच जास्त. फिटर किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) आणि वेल्डर एक वर्षाचा. वेल्डर, सुतारकाम अशा काही ट्रेडना दहावी नापास मुलालाही दार उघडे आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हा रस्ता माहीत नसल्यामुळे 'आयटीआय म्हणजे शिक्षण संपले' असे समजून गावातली मुले जवळच्या कॉलेजात कला शाखेला नाव घालतात. कला शाखा मनापासून घेणाऱ्याला ती उत्तमच. पण दुसरे काही माहीत नव्हते म्हणून घेतलेली शाखा बारावीलाच सुटते.

मग माहिती ठेवायची कुठे? प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, पण ते जिल्ह्याच्या ठिकाणी. भामरागडच्या मुलीला गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब पडते. एक दिवस जायला-यायला, दिवसाची मजुरी बुडणार ती वेगळी. याउलट १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडे गावोगावी शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांना अनुदान मिळते, ग्रंथपाल आहे, संध्याकाळी दिवा लागतो, आणि तिथे जायला कुणाला जात, गुण किंवा सरल क्रमांक विचारत नाहीत. नव्या इमारतीची गरज नाही. एक फळा, एक फाइल, एक प्रिंटर आणि ठरलेल्या दिवशी बसणारा माणूस पुरेसा आहे.

फाइलमध्ये तालुक्याचा माहितीतक्ता असावा, पाठपोट एका मोठ्या कागदावर. त्यात तालुक्यातली अकरावीची कॉलेजे, त्यांच्या शाखा आणि माध्यम, आयटीआयचे ट्रेड आणि जागा, जिल्ह्यातली तंत्रनिकेतने, समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वसतिगृहे, मागच्या वर्षी शेवटच्या फेरीत प्रवेश कितीवर थांबला ते आकडे, आणि महिनावार काय करायचे ते. शेवटच्या फेरीचे आकडे महत्त्वाचे, कारण पहिल्या फेरीचे कटऑफ पाहून पालक उगाच हबकतात. हा तक्ता गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाने केंद्रप्रमुखांकडून भरून घ्यावा, त्यावर तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचे पदनाम असावे. तारीख नसलेली माहिती कोणत्या वर्षाची ते कळत नाही, आणि शिळ्या नियमावर भरवसा ठेवून बसलेले मूल जास्त फसते. राज्यात ३५८ तालुके आहेत. तालुक्याला पाचशे प्रती म्हटल्या तरी एक लाख एकोणऐंशी हजार प्रती होतात. शाळा, ग्रंथालय, ग्रामपंचायत आणि एसटी स्टँड एवढ्या ठिकाणी लागायला त्या पुरतात. तीच पाने लॉगिनशिवाय, साध्या फोनवर उघडतील अशी संकेतस्थळावर ठेवावीत.

माणसाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, हे मान्य. प्रत्येक शाळेत पूर्णवेळ समुपदेशक लगेच मिळणार नाही. पण जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने शाळांच्या दर गटातून (केंद्रातून) एक शिक्षक आणि एक ग्रंथपाल यांना तीन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे: एक दिवस दाखले आणि वैधता, एक दिवस प्रत्यक्ष पोर्टलवर पसंतीक्रम भरणे, एक दिवस आयटीआयची कार्यशाळा आणि वसतिगृह डोळ्यांनी पाहणे. प्रवेशाच्या काळात त्या शिक्षकाला इतर अशैक्षणिक कामांतून लेखी सूट द्यावी, नाहीतर ऐन जूनमध्ये त्याला दुसऱ्याच कामावर पाठवले जाते आणि मुले पुन्हा कॅफेच्या दारात उभी राहतात.

यंदाच्या नववीसाठी हे करायचे असेल तर माहितीतक्ता दिवाळीच्या सुट्टीआधी छापून शाळेत पोचला पाहिजे. शालेय शिक्षण, कौशल्य विकास आणि उच्च व तंत्रशिक्षण या तिन्ही विभागांनी त्यासाठी एकत्र परिपत्रक काढावे आणि त्याची प्रत ग्रंथालय संचालनालयाला द्यावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत आम्ही करत आहोत.

आपले,
ग्रामीण भागात व्यवसाय मार्गदर्शनाचे काम करणारे शिक्षक व ग्रंथपाल