भावांना चहाला पाठवणाऱ्या टायपिस्ट चाचांना

चाचा, सलाम.

बडोद्यात कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्यांपैकी तुम्ही कोण, हे इथे लिहीत नाही. तुम्हाला आवडणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचेत, कारण रिवाजाच्या नावाखाली मला गप्पही चारचौघांतच बसवलं होतं.

अब्बा-अम्मी गेल्यावर घर दोघा भावांचं, आणि मी हक्कसोड लिहून द्यायची, असं परस्पर ठरलं. जमातीतले मोठे म्हणाले, ‘आपल्यात मुली घेत नाहीत.’ एका वकिलाने फी घेतली आणि ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणून वाटेला लावलं. माझा मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, ठरवताना मात्र हीच मंडळी शब्दाशब्दाला शरीयत काढत होती!

तुमचा निम्मा कागद टाइप झाला होता. कीबोर्डवरचे हात उचलून तुम्ही भावांना म्हणालात, ‘तुम्ही दोघं जरा चहा पिऊन या, कोपऱ्यावर चांगला मिळतो.’ ते गेले, तसं स्टूल माझ्याकडे सरकवलंत आणि बडोद्यातल्या अस्सल दांडिया बाजारी मराठीत विचारलंत, ‘बेटा, तुझा हिस्सा किती, सांगितलंय कुणी?’

कुणीच नव्हतं सांगितलं. मलाही कुणी काही विचारलं नव्हतं. तुम्ही रद्दी कागदाच्या पाठीवर पाच रेघा ओढल्यात. भावांच्या दोन-दोन, माझी एक. आम्ही शाफई, तुम्ही हनफी, सुन्नींचे हे दोन वेगळे फिकही पंथ, पण हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

शरीयत रिवाजाला, उर्फला, मान देते हे तुम्ही आधी कबूल केलंत. मेहेर कधी द्यायचा ते निकाहनाम्यात नसेल, तर ताबडतोब किती आणि मागाहून किती, हे रिवाज बघून ठरतं. रक्कमच ठरली नसेल तर वडिलांकडच्या बायकांना किती मिळाला ते बघतात. चपला बनवायला टाकल्या, म्हणजे माल अजून अस्तित्वातच नाही, तरी हनफी फुकहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, तो सौदा मानला, कारण लोकांचा व्यवहारच तसा. उस्मानी तुर्कांच्या ‘मजल्ला’ या कायदेसंहितेत (1869–76) तर रिवाज हा निवाडा करणारा, असं कलम 36च आहे. पण कुराणातल्या सूरह निसाने जो हिस्सा बांधून दिलाय, त्याला रिवाजाने कात्री लावता येत नाही.

1847 साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरींनी खोजा आणि मेमन या मुस्लिम जमातींतल्या मुलींचे वारसाहक्काचे दावे रिवाजावर बोट ठेवून फेटाळले होते. 1937च्या शरीयत कायद्याने ती वाट बंद केली. शेतजमीन तेवढी त्यातून सुटली. आमचं तर घर आहे.

भाऊ परतले तेव्हा तुम्ही त्यांना एका शब्दानेही सुनावलं नाहीत. ‘ताईंना विचार करू द्या,’ एवढंच. अर्ध्या कागदाचे पैसेही नाकारलेत. भांडण न लावता बाजू घ्यायला अंगात सभ्यपणा मुरलेला लागतो. आमच्या बैठका घेणाऱ्या कर्त्या पुरुषांत तो मला दिसला नाही, आणि हे ते वाचणार असतील तर खुशाल वाचोत.

धाकट्याची ओढाताण चालू आहे, त्यामुळे माझा हिस्सा त्याला द्यावा असं अजूनही वाटतं. दिला तर हिबा, म्हणजे बक्षीसपत्र, करून देईन, माझा आहे म्हणून देईन. मोठ्याला नाही. कागद तुमच्याकडूनच करून घ्यायचाय. या खेपेला पैसे पूर्ण घ्यावे लागतील, चाचा, आणि चहा माझ्याकडून.

तुमची,
मधली बहीण